दुखत नाही म्हणून

त्या काळी शिवणकामाच्या कारखान्यात तिला सगळ्याजणी ‘टाचणी’च म्हणत. चार टाचण्या कायम ओठांत धरलेल्या. बोलली तरी एक पडायची नाही. म्हणून खालच्या ओठावर फोड आला तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही.

“टोचली अखेर!” शेजारची काज-बटणवाली हसली. “की नवरा चावला ग? गेल्या महिन्यात फिरतीवरून येऊन गेला ना?”

टाचणीही हसली. पाचवा महिना लागलेला, अशी थट्टा गोड लागायची. तिनं टाचण्या ओठांच्या दुसऱ्या कोपऱ्यात धरल्या, एवढंच. फोड शर्टाच्या बटणाएवढा, कडेनं कडक; पण दुखायचा मुळीच नाही. जबड्याखाली गाठ हाताला लागली, तेव्हा कुठे ती दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

“दुखतं?”

“छे, अजिबात नाही.”

‘दुखत नाही’ ऐकून डॉक्टरचा चेहरा पडलेला तिनं जन्मात पाहिला नव्हता. बाईंनी रक्त तपासायला धाडलं. तिसऱ्या दिवशी कागद आला, तेव्हा त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

“ही गरमी आहे.”

“उष्णता होय! मला वाटलंच. मी पाणीच कमी पिते.”

“उष्णता नव्हे ग. गरमी. सिफिलिस. टाचणीनं होत नाही हे, माणसाकडून माणसाला लागतं. तू नवऱ्याशिवाय...”

“आई शप्पथ, नाही!”

“मग ही चिठ्ठी घे, आणि त्यालाही घेऊन मोठ्या दवाखान्यात जा. लगेच इंजेक्शन घेतलंस तर बाळ वाचेल. आणि नीट ऐक: हा फोड सुकत आलाय, एक-दोन दिवसांत आपोआप जाईल. गेला म्हणून घरी बसू नकोस. तो जात नाही, आत शिरतो.”

नवरा दुसऱ्याच दिवशी यायचा होता. त्या सकाळी टाचणीनं आरसा उजेडात धरला. ओठ स्वच्छ होता.

नवऱ्याला तिनं सासूसमोरच सांगितलं. तो खो खो हसला.

“कुठाय फोड? डॉक्टरांना काय, गिऱ्हाईक हवंच असतं!”

“बरं झालंय ते कशाला उकरतेस?” सासूबाई म्हणाल्या. “पोटुशी बाई सुया टोचून घेते का कधी?”

नवरा अजून हसतच होता. खिडकीतलं ऊन त्याच्या उघड्या तोंडात पडलं होतं. जिभेच्या कडेला पांढुरके चट्टे होते, ओल्या कागदाचे तुकडे चिकटावेत तसे.

“हे काय?”

“हे होय? झाले दोनेक महिने. दुखत नाही काही.”

पोटात बाळानं हलकीशी ढुशी दिली. टाचणीनं खुंटीवरची पिशवी काढली, आतली दवाखान्याची चिठ्ठी चाचपली.

“माझंही दुखत नव्हतं,” ती म्हणाली.

चपला घालून ती जिना उतरू लागली. वरून सासूबाई हाका मारत होत्या. त्या तिला ऐकूच येत नव्हत्या. मागून नवऱ्याच्या चपला वाजतात का, तेवढंच ती ऐकत होती. पण थांबली मात्र एकाही पायरीवर नाही.