एका हातानं उघडणारा चाकू

अवजारांच्या दुकानात शिरल्या शिरल्या मामानं भिंतीवरचा सगळ्यात मोठा चाकू काढायला लावला. चाकू कसला, लहानशी तलवारच ती. पाठीला करवतीसारखे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र, आणि मुठीचं झाकण फिरवलं की आत सुईदोरा. कलिंगड निवडावं तसा मामानं तो बोटानं वाजवून पाहिला आणि समाधानानं मान डोलावली.

मामा म्हणजे भाच्याचा मामा. त्याच्याबरोबर आलेली त्याची थोरली बहीण, म्हणजे भाच्याची आई. मापावर गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कटिंग मास्तर होती, म्हणून सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. तिचा मुलगा फौजेत होता, सुट्टीवर घरी आला होता आणि परवा परत जाणार होता, वर डोंगरातल्या थंड ठाण्यावर. जाताना त्याला कामाचा चाकू द्यायचा असं तिनं ठरवलं होतं. मामा काही कामाचा नव्हता, पण खरेदी म्हटल्यावर त्याला घरी ठेवणं कोणाच्या बापाला जमलं नसतं.

"ताई, शत्रू समोर आला तर?" मामानं तलवार पुढे धरत विचारलं.

"शत्रूसाठी बंदूक दिली आहे त्याला. मला डबे उघडायला आणि दोर कापायला हवाय."

दुकानदार तिच्या ओळखीचा होता. कारखान्यातल्या मोठ्या कात्र्यांना त्याच्याकडेच धार लावून मिळायची. त्यानं मामाची तलवार अदबीनं परत भिंतीवर टांगली आणि घडीच्या चाकूंचा खण काउंटरवर ठेवला. पहिल्याच चाकूचं पातं चांगलं होतं, मूठही हातात बसत होती. पण पातं बाहेर काढायला एका हातानं मूठ धरून दुसऱ्या हाताच्या नखानं खाचेत ओढावं लागत होतं. मास्तरीणबाईंनी तो बाजूला सारला. दुसरा सारला, तिसराही सारला.

त्याचं कारण तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. मुलगा घरी आला त्या संध्याकाळी त्यानं खांद्यावरची बॅग उतरवली तेव्हाच तिला दिसलं होतं की डाव्या हाताची मधली तीन बोटं मिटत नाहीत. तो हात खिशात घालून फिरत होता. जॅकेटची बटणं काढून झिप लावून दे म्हणाला, हल्ली हीच फॅशन आहे म्हणाला. तिनं झिप लावून दिली आणि तोंडातून ब्र काढला नाही.

तिच्या धंद्याची ही शिकवणच होती. गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरलेला असला, पाठीला बाक असला, तर ते मापाच्या टेपनं पाहायचं आणि कापडात मुरवायचं. एका बाजूला थोडी जास्त पट्टी ठेवायची, आतून अस्तर भरायचं. गिऱ्हाइकानं आरशात पाहावं आणि आपण सरळ आहोत असं त्याला वाटावं. व्यंगाचा उच्चार करणाऱ्या नव्या मुलींना मास्तरीणबाई फैलावर घेत असे.

शिवाय दुसरी भीती होती. मुलगा फौजेत भरती झाला तेव्हा तिनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. तो भरल्या ताटावरून उठून गेला आणि पुढे कितीतरी महिने फोन करायचा तो फक्त मामाला. आता हाताचा विषय काढला तर आपला तोल जाईल, 'पुरे झालं, परत ये' असं आपण म्हणू, आणि पुन्हा तेच होईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तसा रुसून गेलेला मुलगा तिला परवडणारा नव्हता. म्हणून तिनं चाकू शोधायचं ठरवलं.

दुकानदारानं एक खटक्याचा चाकू काढला. कळ दाबली की पातं टणकन बाहेर. मामा खूश झाला. खिशात चुकून कळ दाबली गेली तर काय, असं तिनं विचारलं, आणि मामानं नकळत आपल्या खिशावर हात ठेवला. मग खणाच्या तळाशी एक साधा काळा चाकू निघाला. पात्याच्या बुडाशी बारीक गुंडी होती. अंगठ्यानं ती ढकलली की पातं फिरून बाहेर यायचं आणि जागेवर घट्ट बसायचं. मिटायचाही त्याच हातानं. तिनं डावा हात पर्समध्ये घालून ठेवला आणि उजव्यानं तो पुन्हा पुन्हा उघडून मिटून पाहिला.

एका हातानंच उघडायला हवा का, असं दुकानदारानं सहज विचारलं. हो, ती म्हणाली, डोंगरात एका हातात दोर धरलेला असतो ना. दुकानदारानं जास्त चौकशी केली नाही. पात्याला जरा तेल देऊन त्यानं चाकू बांधून दिला.

घरी मुलगा टेबलाशी बसून बूट पुसत होता. चाकू देताना काय बोलायचं हे मास्तरीणबाईंनी वाटभर जुळवलं होतं, पण मामानं पुडकं तिच्या हातातून काढून घेतलं आणि भाषणच सुरू केलं. आपण कसा होकायंत्रवाला चाकू सुचवला, आपलं कसं कोणी ऐकलं नाही, सगळं सांगून झालं.

"आणि तुझ्या आईची तऱ्हा," तो हसत म्हणाला. "हा चाकू एकाच हातानं पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. दुसरा हात पर्समध्ये. मला वाटलं, स्वतःचाच खिसा कापतेय."

मुलाचा हात बुटावरच थांबला. मामाला काही कळलं नाही. तो चहा ठेवायला आत गेला. मुलानं चाकू घेतला, उजव्या अंगठ्यानं उघडला, पातं पाहिलं, मिटला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"आलास त्या संध्याकाळपासून."

"आणि बोलली नाहीस."

त्याच्या आवाजात राग होता. असा राग येईल हे तिच्या हिशेबातच नव्हतं. तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, असं ती सांगायला गेली, तर त्यानं तिला तोडलं.

"पहिले दोन दिवस लपवला मी. तू रडशील म्हणून. मग कंटाळा आला लपवायचा. काल जेवण झाल्यावर हात मुद्दाम टेबलावर ठेवून बसलो होतो. तू फडकं घेऊन आलीस आणि हाताच्या भोवतीनं टेबल पुसून गेलीस."

ते तिला आठवत होतं. किती अलगद पुसलं आपण, त्याला कळलंसुद्धा नाही, असं तिला काल वाटलं होतं. आता तिला स्वतःची शरम वाटली. गिऱ्हाईक पैसे देऊन निघून जातं. हा तिच्या पोटचा होता आणि तिनं त्यालाही कापडासारखं मुरवून टाकलं होतं.

ती त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि हात पुढे केला. त्यानं डावा हात तिच्या हातात दिला. ट्रकचं मागचं फळकूट हातावर पडलं, त्यानं सांगितलं. डॉक्टरांनी पास केलं होतं, पण आता काम गोदामात मिळणार होतं. ती एकेक बोट वाकवून पाहत होती. मधलं अर्धं वाकलं, बाकीची दोन ताठच राहिली.

"दुखतं का?"

"थंडीत दुखतं."

आणि तो थंडीतच चालला होता.

"मी का बोलले नाही, खरं सांगू?" ती म्हणाली. "बोलायला लागले तर जाऊ नकोस म्हणाले असते. आणि तू मागच्यासारखा उठून गेला असतास."

आतून मामाचं भांडी आपटणं ऐकू येत होतं.

"तेव्हा मी लहान होतो गं," तो म्हणाला. "आता नाही उठणार. जाणार तर आहेच मी. पण तिथे बाकीच्यांना त्यांच्या आया फोनवर रोज 'परत ये' म्हणतात. तू एकदा तरी म्हण."

मास्तरीणबाईंनी पदरानं डोळे पुसले नाहीत, कारण त्यासाठी हात सोडावा लागला असता.

"जाऊ नकोस," ती म्हणाली.

त्यानं 'ऐकलं' अशी मान हलवली आणि हात तिच्या हातात तसाच राहू दिला.