एक चूक माफ

"शेवटची विडी कधी ओढली ते खरं सांगा, झुलालभाऊ. मी रागावणार नाही," दिपमाला म्हणाली.

"दसराना आधी. त्यानंतर हात लाया नही, ताई."

"मग लघवीच्या तपासणीत तंबाखू कुठून आली?"

झुलाल खुर्चीच्या कडेवर बसला होता, कारखान्याच्या साहेबासमोर बसायचा तसाच. आपल्या अंगात जे गेलंच नाही ते बाहेर कसं निघतं, हे त्याच्या डोक्यात शिरेना. दिपमालाला त्याच्यावर अविश्वास दाखवायचा नव्हता, पण तिच्या टेबलापाशी रोज कोणी ना कोणी देवाची आण घ्यायचं आणि त्याच्या खिशातून काडेपेटी वाजायची. जळगावच्या या दवाखान्यात विमा कंपनीने तिला तंबाखू सोडवण्यासाठीच बसवलं होतं.

"च्युइंगमसारखी गोळी दिली होती, ती अजून चालू आहे का?"

"ती पहिल्याच आठवड्यात फेकी दिधी. तोंडात चुना धरल्यागत लागे."

"शेजारी कोणी ओढतं? कारखान्यात?"

"बठ्ठा, सगळाच वढतस. पण बाहेर, गेटवर. मी जात नही."

झुलाल कसनुसा हसला आणि दिपमालाचं लक्ष त्याच्या हिरड्यांकडे गेलं. काठाकाठाने काळी रेघ होती.

"दात कशाने घासता?"

"मिसरीनं."

"आणि मिश्री कशाची करतात?"

"कशानी म्हंजे? तवावर भाजीसन, कुटीसन..." झुलाल बोलता बोलता थांबला. मग हळूच म्हणाला, "तंबाखूनी."

हे त्याला जन्मापासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि ध्यानात येणं वेगळं. त्याच्या लेखी विडी ती विडी आणि मिश्री म्हणजे दंतमंजन. लहानपणी दाढ दुखली तेव्हा आईने स्वतःच्या बोटाने ती त्याच्या हिरडीला चोळली होती; मुलाला व्यसन लावतेय असं त्या माऊलीच्या मनातही आलं नसेल. दसऱ्याच्या सुमारास नाव नोंदवताना दिपमालाने विचारलं होतं, "विडीशिवाय तंबाखूचं दुसरं काही?" तेव्हा तो बेधडक "नही" म्हणाला होता, आणि तिनेही तसंच लिहून घेतलं होतं. तिची स्वतःची आजी चोपड्याला दिवसातून चारदा मिश्री लावायची, पण तिलाही ती तेव्हा आठवली नाही.

आता आठवून काय उपयोग. तिने विम्याचे नियम काढले.

"काय सांगायचं ते मी तुम्हाला शिकवणार नाही," ती म्हणाली. "फक्त वाचून दाखवते. सोडताना एखाद्या वेळी तोल गेला, विडी ओढली, तर एक चूक माफ. तीन महिने वाढवून मिळतात, पुन्हा तपासणी होते आणि तोवर घरच्यांचा विमा चालू राहतो. पण नाव नोंदवताना तंबाखूचा दुसरा प्रकार लपवला असेल, तर तुमचं नाव रद्द. घरच्यांचंही."

"पण मी लपाडं नही."

"मला कळतंय हो. पण तिथे 'कळलं नाही' असा रकाना नाही."

झुलालने टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "म्हंजे खरं सांगं तर गयं, आणि खोटं सांगं तर ऱ्हायनं?"

सोमवारी घरचं माणूस घेऊन या, तेव्हा नोंद करू, एवढं सांगून दिपमालाने पुढच्या माणसाला हाक मारली.

घरचं माणूस म्हणजे ताईबाई. हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता. दोन वर्षांपासून तिच्या अंगावरून जायचं. कधी कधी तर ती कपडे धुतल्या जागीच भिंतीला टेकून बसायची. डॉक्टरांनी पिशवीचं ऑपरेशन सांगितलं होतं. ती "उन्हाळा जाऊ द्या, पावसाळा जाऊ द्या" करत ढकलत होती, कारण ऑपरेशन म्हणजे झुलालच्या थोरल्या भावापुढे हात पसरणं, आणि ते मरण तिला पिशवीच्या दुखण्याहून जड होतं. अशात कारखान्याने नवा विमा आणला. कामगाराचा तर होताच, पण ज्याला तंबाखूचं व्यसन नाही किंवा जो ते सोडायला तयार आहे, त्याच्या बायकोचाही. वर सोडवण्याचा खर्चही विम्याचाच.

झुलाल एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात लूमवर होता. प्लॅस्टिकचे धागे, प्लॅस्टिकचा वास आणि लूमचा खडखडाट यांत त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आत काडी ओढायला बंदी, म्हणून विडीसाठी गेटबाहेर जावं लागे. शेजारच्या लूमवाल्याने तेवढा वेळ आपल्या लूमवर नजर ठेवायची, मग त्याने जायचं, अशी तिथली वहिवाट. माणसं एकमेकांशी जे काय बोलायची ते गेटवरच बोलायची, कारण आत बोललेलं ऐकूच येत नसे. विडी सुटली तशी झुलालची ही बैठकही सुटली. तो आता सगळ्यांच्याच लूम सांभाळायचा. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाचं जमलं, कोणाचं मोडलं, हे त्याला आठवडाभराने कळायचं. विडीपेक्षा त्याला ते जास्त जड गेलं, पण त्याने कोणाला सांगितलं नाही.

पहिला महिना वाईट गेला. धागा तुटला तर डोकं फिरायचं, जेवण झालं की तोंड काहीतरी मागायचं. ते बघून ताईबाई स्वतःच मिश्रीची डबी पुढे करायची. "विडी सोडी दिधी ना, मंग तोंडले काही चाळा पाहिजे. घासा." आणि झुलाल घासायचा. सकाळी एकदाची मिश्री दिवसातून तीनदा झाली. ताईबाई ती तव्यावर मन लावून भाजायची, बारीक कुटायची, फडक्यातून गाळायची. नवरा आपल्यासाठी विडी सोडतोय, तर आपणही काही केलं पाहिजे, असा तिचा साधा हिशोब होता.

आणि तिने गल्लीभर सांगितलं होतं. मेहरूणच्या त्या गल्लीत नवऱ्याचं कौतुक करायची फारशी रीत नव्हती, पण ताईबाईने ती पाडली. ज्याच्या त्याच्यापुढे एकच: "यासनी विडी सोडी दिधी. मनाकरता, मना ऑपरेशनकरता." बायका तोंडावर हसायच्या आणि घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांना ऐकवायच्या. झुलाल वरवर वैतागायचा. आतून मात्र त्याला बरं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याचं नाव घेऊन दुसऱ्याला काही शिकवत होतं.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा तिला सगळं सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं. ताईबाई भाकरी थापत होती.

"काय सांगं दवाखानामा?" तिने विचारलं.

"सोमवारे तुले बलायेल शे."

"माले? बरं शे. मीच सांगसू त्यासले, मना मालक कसा शे ते."

सांगायचं झुलालच्या ओठावर आलं आणि तिथेच राहिलं. ताईबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. मिश्रीमुळे हे झालं असं कळतं, तर ती सोमवारी त्या टेबलापुढे उभी राहून म्हणाली असती, मीच दिली मिसरी, लिहा मनं नाव. आणि घरी येऊन, माझ्या पापाने झालं तर मला ऑपरेशनही नको, म्हणून हटून बसली असती. तीस वर्षांत झुलाल तिच्याशी कधी हट्टात जिंकला नव्हता. तो हातपाय धुऊन पाटावर बसला.

सोमवारी ताईबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली. दिपमालाने तिला बसायला सांगितलं आणि सरळ मुद्द्यावर आली. "तपासणीत तंबाखू निघाली आहे, ताईबाई."

"मशिन बिघडेल व्हई," ताईबाई म्हणाली. "यासनी विडीले हात लाया नही. मी सांगस ना. विडीना वास माले दोन घरवरथून येस. तुम्ही गल्लीमा कोणलेबी इचारा."

दिपमालाने झुलालकडे पाहिलं. तिच्या नजरेत विचारणा होती, घाई नव्हती.

"वढी मी," झुलाल म्हणाला.

ताईबाईने मान वळवली. तिला वाटलं तो थट्टा करतोय. पण झुलाल थट्टा करणाऱ्यांपैकी नव्हता, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

"किती वेळा?" दिपमालाने लिहिता लिहिता विचारलं.

"दोन-तीनदा. गेटवर."

दिपमालाने लिहून घेतलं. पुढच्या तपासणीआधी तंबाखूचा कोणताच पदार्थ, अगदी कोणताच, तोंडात घालू नका, असं तिने दोन वेळा बजावलं. मग ताईबाईकडे वळून म्हणाली, "विमा चालू राहील. ऑपरेशन करून घ्या." ताईबाईने मान हलवली, पण तिचं ऐकण्याकडे लक्ष नव्हतं.

रिक्षा अजिंठा चौफुलीला आली. ताईबाई समोर बघतच म्हणाली, "कवय वढी?"

"जानेवारीमा."

"माले सांगाले काय व्हयनं व्हतं? मी बठ्ठासले सांगत फिरनू."

झुलालला त्या क्षणी रिक्षा थांबवून खरं सांगावंसं वाटलं. पण ऑपरेशन अजून व्हायचं होतं. तो म्हणाला, "चुकनू."

रात्री जेवणानंतर तिने सवयीने मिश्रीची डबी पुढे केली. "माले नको आते," झुलाल म्हणाला. "तूबी सोडी दे. डॉक्टर म्हणतस ती वाईट शे."

ताईबाईने डबीचं झाकण लावलं. "पहिले तुम्ही विडी सोडा, मंग माले शिकाडा." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखी, "तुमले कशाले लागी मिसरी? विडी शे ना."

आता खरोखरच झुलालच्या तोंडाला काही नव्हतं, ना विडी, ना मिश्री. विडी सोडताना जेवढे हाल झाले नव्हते तेवढे आता झाले. पण त्या वेळी बाजूला ताईबाई होती. आता त्याची चिडचिड झाली की ती त्याच्या शर्टाच्या वासाकडे लक्ष ठेवायची. वास यायचा नाही. पण एकदा फसलेलं नाक पुन्हा स्वतःवर भरवसा ठेवत नाही.

गल्लीत बातमी कशी पोचली कोण जाणे. कारखान्यात तर दुसऱ्याच दिवशी पोचली. शेजारच्या लूमवरचा तोताराम त्याला गेटकडे ओढत म्हणाला, "काय लपाडस रे? आते बठ्ठासले माहीत शे. ले, पेटाड." झुलालने विडी घेतली नाही. "बायकोले भ्याना," तोताराम बाकीच्यांना म्हणाला, आणि सगळे मनापासून हसले. वाईट असं की त्यांना तो आता पूर्वीपेक्षा जास्त आवडू लागला होता. झुलाल दोन मिनिटं त्यांच्यात उभा राहिला आणि आत येऊन तुटलेला धागा जोडू लागला.

ऑपरेशन धुळ्याला झालं. ताईबाईची बहीण शेवंताबाई देवपूरला राहायची, तिच्या घरून डबा येणार होता, आणि विम्याच्या यादीतला एक दवाखानाही तिथून जवळ होता. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ताईबाईची मिश्री पंधरा दिवस आधीच बंद केली होती; डॉक्टरांचं ती ऐकायची. ऑपरेशन नीट पार पडलं. गाठ निघाली, पण साधी निघाली. ते कळलं तेव्हा झुलाल जिन्यात जाऊन रडला आणि तोंड धुऊन वर आला.

त्याच आठवड्यात दिपमालाचा फोन आला. वाढीव मुदतीनंतरची तपासणी झाली होती. काहीच निघालं नव्हतं. "सुटलात तुम्ही झुलालभाऊ," ती म्हणाली. "ताईबाईंना सांगू का मी खरं काय ते?"

"नको," झुलाल म्हणाला. "तिना टाका ओला शेतस आजून. ती उठीसन जळगावले ई, तुमना साहेबले सांगाले."

ताईबाईच्या शेजारच्या खाटेवर शिरपूरकडची भिकुबाई होती. दोघींच्या दुपारच्या गप्पा आता लांबल्या होत्या. झुलाल पायथ्याशी बसून मोसंबी सोलत होता. भिकुबाईने त्याच्याकडे बघत म्हटलं, "मालक भलता करतस हो तुमनं."

"करतस," ताईबाई म्हणाली. तिचा आवाज अजून बारीक होता. "लाखना माणूस शे. रातभर बसी ऱ्हातस. एक विडी तेवढी सुटनी नही त्यासनी."

"कोणले सुटस," भिकुबाई म्हणाली.

झुलालने मोसंबीच्या फोडीतल्या बिया काढल्या आणि फोडी तिच्या हातावर ठेवल्या. भिकुबाईचा नवरा प्रेमराज दाराशी उभा होता. आपल्यासारखाच एक सापडला, या आनंदात त्याने खूण केली. "चाला भाऊ, चहा पिसूत." ताईबाई म्हणाली, "जा. मी काय पळी जात नही." तिने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. झुलाल उठला.

दवाखान्याच्या बाहेर टपरी होती. चहा झाल्यावर प्रेमराजने खिशातून विड्यांचं बंडल काढलं, एक आपल्या ओठात धरली आणि दुसरी झुलालपुढे केली. ऊन उतरत होतं आणि पांझरा नदीकडून थोडा वारा सुटला होता.

"नको भाऊ," झुलाल म्हणाला. "मी आत्तेच वढीसन उनू."

प्रेमराजने विडी परत बंडलात खोचली. त्याची ओढून होईपर्यंत झुलाल त्याच्याजवळ उभा राहिला.