हेडमास्तरला वाण

उखर्डूचा जावई सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला रुसला, आणि तो रुसलाय हे उखर्डूला दिवेलागणीला कळलं. आता काय म्हणायचं या माणसाला! केळीच्या पानाची कड जरा पिवळी पडली तर बांधावरून ओळखणारा गडी, पण माणसाचं तोंड वाकडं झालेलं त्याला समोर बसून दिसत नाही.

यंदा अधिक महिना आला तो भर उन्हाळ्यात. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. लेकीला आणि जावयाला घरी बोलवायचं, खापरावरचे मांडे, आंब्याचा रस, आणि तेहतीस अनारशांचं वाण दिव्यासकट जावयाच्या हातात द्यायचं. निशाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक. उखर्डूच्या बायकोने, आशाबाईने, आठ दिवस आधीपासून तांदूळ भिजवून ठेवले होते. उखर्डूची म्हातारी आत्या सोजरबाई तर खास या जेवणासाठी चांदनी गावाहून येऊन बसली होती, आणि आल्या आल्या तिने घरात कायदा लावून टाकला होता: "जावयाच्या तोंडात घास पडल्याबिगर या घरात कोणी उष्टं करायचं नाही. म्या पण नाही."

तर जावई रितेश निशाला घेऊन नेपानगरहून मोटारसायकलवर आला. आशाबाईने पायावर पाणी घातलं, ओवाळलं. सासरा कुठाय? सासरा तलावावर.

तलाव म्हणजे उखर्डूचं शेततळंच, पण इतकं मोठं खणलेलं की सगळं निंबोला गाव त्याला तलावच म्हणतं. केळीला पाणी म्हणून खणलं, विकायला म्हणून त्यात मासे सोडले, आणि मग विकवेनात. खाणं तर या घरात नव्हतंच. त्यात एक कटला होता, एवढं मोठं डोकं आणि खालचा ओठ पुढे काढलेला, कायम कोणावर तरी चिडल्यासारखा. त्याला गावाने नाव ठेवलं हेडमास्तर. उखर्डूने पाण्यावर तीनदा थाप मारली की हेडमास्तर खालून वर यायचा आणि त्याच्या हातातून कणकेचा गोळा घ्यायचा. दुसऱ्या कोणाच्या थापेला तो ढुंकूनही बघायचा नाही. उखर्डूला याचा जो गर्व होता, तो केळीला चांगला भाव मिळाल्यावरही कधी झाला नाही.

त्या सकाळी तळ्यातले मासे पाण्यावर तोंडं काढून हवा खात होते. उन्हाळ्यात पाणी तापलं, खाली उतरलं की पहाटे त्यांचा जीव असाच गुदमरतो. उखर्डूने मोटर लावून पाइप उंच धरला होता, पाणी वरून कोसळलं की त्यात हवा मिसळते म्हणून. रितेश बिचारा स्वतःहून बांधावर गेला, वाकून पाया पडला.

"आले का? बसा बसा," उखर्डू म्हणाला, तेही पाण्याकडे बघत. "हेडमास्तरचं जरा बघतो. रात्रीपासून त्याला बरं नाही."

रितेश उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "मामा, मी पण फिशिंग करतो. शौक आहे मला. रॉड घेऊनच आलोय."

"बरं."

"मग आता एक मासा लागला, की मगच जेवतो."

आमच्याकडे जावई रुसतो. रुसायलाच पाहिजे, नाहीतर तो कसला जावई? सासऱ्याने हात धरायचा, "चला बापू, पानं वाढलीत" म्हणायचं. जावयाने एकदा हात सोडवून घ्यायचा आणि दुसऱ्यांदा उठायचं. पाच मिनिटांचं काम. पण उखर्डूने ऐकलं ते एवढंच, की जावयाला मासा पाहिजे. या तळ्यात वर येणारा मासा कोण, हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत होतं?

"लागेल," तो कसाबसा म्हणाला. "दुसरे पण हायेत. बारके."

रितेशने खुर्ची टाकली, दोरी पाण्यात सोडली आणि बसला. ऊन चढलं. बारा वाजले. घरात मांडे गार झाले. गल्लीतले भाऊबंद जेवायला येऊन पत्रावळी समोर घेऊन बसले होते, ते भिंतीला टेकले. निशा दोनदा नवऱ्याला बोलवायला गेली आणि दोनदा लाल तोंडाने परत आली.

"काय म्हणतात?" आशाबाईने विचारलं.

"म्हणतात, मासा लागू दे. आई, त्यांना मासाबिसा काही नको. अप्पांना सांग, जाऊन नुसतं बोलवा म्हणावं."

आशाबाई तडक बांधावर. "अहो, जावयाला बोलवा की!"

"मासा नाही लागला अजून."

"मेला तो मासा!"

"असं नको म्हणू," उखर्डू एकदम कळवळून म्हणाला, आणि आशाबाईने कपाळावर हात मारला.

एवढ्यात उखर्डूचा पुतण्या धर्मेंद्र आला. हा बुऱ्हाणपुरात ऑटो चालवतो आणि त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. त्याने तळ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. "काका, सिंपल बात है. दुपारी वरचं पाणी उकळतंय, म्हणून मासा तळाला जाऊन बसला. वरचं पाणी थंड करा, येतो का नाही बघा."

"थंड कसं करायचं?"

"बर्फ!"

घरात वीस माणसं उपाशी, आणि हे दोघं बर्फाच्या गोष्टी करताहेत. धर्मेंद्र खरंच गेला आणि ऑटोत बर्फाच्या लाद्या भरून आला. निंबोल्यापर्यंत येता येता निम्म्या लाद्या रस्त्यानेच पिऊन टाकल्या. उरलेल्या लाद्या दोघांनी बांधावरून ओढत नेऊन पाण्यात ढकलल्या. बांध असा ओला झाला की चप्पल ठरेना. तलाव जरा कुरकुरला आणि पुन्हा होता तसा झाला.

मग उखर्डूला सुचलं, की सावली पाहिजे. केळीच्या रोपांवरची हिरवी जाळी त्याने सोडून आणली आणि चार बांबू ठोकून पाण्यावर ताणली. मग घरातला कूलर आणला, निशाच्या लग्नाच्या वेळी घेतलेला. मोटरच्या खोलीतून वायर ओढली, आणि कूलरचं तोंड केलं पाण्याकडे. पाण्यावर गार वारा सुटला. कूलरच्या मागे, जिकडून तो गरम हवा आत ओढतो तिकडे, रितेश घामाने निथळत बसला होता.

निशाला ते बघवेना. "अप्पा, जाळी त्यांच्यावर तरी धरा हो!"

"जाळी माशाला हाये, बाई."

"मग कूलर?"

"कूलर पण."

रितेशने मान वळवून एकदा सासऱ्याकडे बघितलं, एकदा कूलरच्या पाठीकडे, आणि पुन्हा पाण्याकडे. त्याचे डोळे भरून आले होते, पण उन्हात सगळ्यांचेच डोळे पाणावलेले असतात, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही.

भाऊबंद आता पत्रावळी डोक्यावर धरून बांधावर आले. उपाशी माणसाला सल्ले फार सुचतात. कोणी म्हणालं ढोल वाजवा, कोणी म्हणालं पाण्यात गूळ टाका. गूळ टाकला. ढोल मिळाला नाही, तर धर्मेंद्रने ऑटोतलं गाणं लावलं. बारके मासे एकदा येऊन गूळ हुंगून गेले. रितेशची दोरी जिथल्या तिथे.

उखर्डू मात्र आतल्या आत झुरत होता. थाप मारली की संपलं, हे त्याला सकाळपासून माहीत होतं. तीन थापा, हेडमास्तर वर येईल, जावयाच्या दोरीला लागेल, जावई जेवेल, सगळं घर जेवेल. पण त्याचा हात पाण्याकडे जाईना. आपल्या हातचा गोळा विश्वासाने खाणाऱ्याला आपणच फसवायचं? दिवसभर तो देवाला एकच म्हणत होता: हेडमास्तर सोडून कोणीही दे रे बाबा.

ऊन कललं तशी सोजरबाई भिंत धरत बांधावर आली. ओठ कोरडे पडलेले. "उखर्ड्या," ती म्हणाली, "मले चक्कर येते. पण म्या जेवणार नाही. सांगून ठेवते."

आता काय करणार? म्हातारी धोंड्याच्या महिन्यात उपाशी गेली असती तर गावाने उखर्डूला उभ्या जन्मात सोडलं नसतं. तो पाण्याच्या काठाशी उकिडवा बसला. हात पुढे केला. तीन थापा मारल्या, अगदी हलक्या, हेडमास्तरला ऐकूच जाऊ नयेत अशा.

कोणी आलं नाही.

मग त्याच्या आतलं काहीतरी सुटलं. "ये ना रे बाबा," तो पाण्याला म्हणाला. "सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. माझ्यावर राग धरलास का? चुकलं माझं. तू वर आल्याबिगर मले तरी घास गोड लागेल का? ये, राजा. तुझ्यासाठी सगळं घर थांबलंय."

धर्मेंद्रने गाणं बंद केलं. निशाने नवऱ्याकडे बघितलं. रितेश खुर्चीत ताठ बसून सासऱ्याचा एकेक शब्द ऐकत होता.

पाणी हललं. हिरव्या जाळीखाली हेडमास्तरचं मोठं डोकं वर आलं.

आणि नेमकी तेव्हाच आशाबाई निघाली होती घरातून. जावई पाटावर येत नसेल तर वाण तळ्यावर देऊ, असं मनाशी ठरवून ती वाणाचं ताट घेऊन आली होती, वर दिवा लावलेला. बांध बर्फाने ओला. पाय सटकला. धर्मेंद्रने काकूला धरलं, पण ताट कोणी धरायचं? तेहतीसच्या तेहतीस अनारसे पाण्यात. दिवाही पडला, पण विझला नाही. द्रोणात होता, तसाच तरंगत हेडमास्तरच्या डोक्यापाशी गेला. हेडमास्तरने दिव्याकडे दुर्लक्ष केलं आणि एक अनारसा ओठाने ओढून घेतला. मग दुसरा.

"अगं बाई!" आशाबाई म्हणाली.

सोजरबाईने हात जोडले. तिची चक्कर कुठल्या कुठे गेली. "घेतलं. वाण घेतलं त्यानं. दिव्यासकट घेतलं."

"आत्या, मासा आहे तो," आशाबाई म्हणाली.

"म्या काय आंधळी हाये? पण धोंड्याचं वाण ज्याच्या पदरात पडतं तो जावई. नियम हाये. आता हाच या घरचा जावई. त्याने घास घेतला. चला, पानं वाढा!"

भाऊबंदांना एवढंच पाहिजे होतं. पत्रावळी घेऊन सगळे घराकडे पळाले. धर्मेंद्र पळता पळता म्हणाला, "बधाई हो काका!"

बांधावर उखर्डू, निशा आणि रितेश उरले. रितेश उभा राहिला, आणि मोठ्या पुरुषाने चारचौघांत रडू नये असं जे काही त्याला शिकवलेलं असेल ते सगळं विसरून म्हणाला, "माझं वाण पण त्यालाच? सावली त्याला, कूलर त्याला, बर्फ त्याला. 'ये, राजा' पण त्यालाच. मग मी कोण आहे, मामा?"

उखर्डू घाबरला. आता हा चिडून हेडमास्तरला ओढून काढतो की काय? त्याने धावत जाऊन दोरी धरली आणि भराभर हातावर गुंडाळून वर घेतली. दोरीच्या टोकाला कणकेचा भिजून गेलेला गोळा होता. गोळ्यात काहीच नव्हतं. त्याने तो बोटांनी कुस्करून बघितला.

"गळ कुठंय?"

"लावलाच नाही."

"म्हणजे?"

"अधिक महिना चालू आहे ना, मामा. मासा मारला तर पाप लागतं. आणि निशाने सांगितलं होतं, त्या माशात अप्पांचा जीव आहे म्हणून."

उखर्डू त्याच्याकडे बघत राहिला. "मग दिवसभर या उन्हात बसले कायले?"

"तुम्ही उठवायला याल म्हणून."

निशा तोंडाला पदर लावून उभी होती. उखर्डूने मान खाली घातली. त्याला फार वाईट वाटलं, इतकं की सांगता येत नव्हतं, आणि सांगायचं कसं हेही त्याला ठाऊक नव्हतं. जन्मात त्याने माणसाची मनधरणी केली नव्हती. जे काय गोड बोलणं त्याला येत होतं ते एका माशासाठी शिकलेलं, आणि ते तर आत्ताच सगळ्यांदेखत खर्च होऊन गेलं होतं. त्याने कूलर उचलला, वायरसकट ओढत घरी नेला, आणि जावयाच्या पाटाच्या बाजूला आणून ठेवला. तोंड नीट पाटाकडे केलं.

रितेश दारात येऊन थांबला होता. आत येईना. सोजरबाईचा दुसरा मांडा चालला होता, आशाबाई रसाची वाटी धरून उभी होती, आणि सगळे उखर्डूकडे बघत होते.

उखर्डू पाटासमोर उकिडवा बसला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग त्याने तळ्याच्या पाण्याने अजून ओला असलेला हात पुढे केला आणि पाटावर तीनदा थाप मारली.

रितेश आत आला आणि पाटावर बसला.