तेल अजून लाल आहे

मित्रांनो, मी एक जुनी तेलपट्टी आहे. हातभर लांब, पातळ, टोकाशी दोन खुणा कोरलेली लोखंडी पट्टी. गॅरेजात मला डिपस्टिक म्हणतात. इंजिनाचं तेल बघायची पट्टी तुम्ही पाहिली असेल. मी तिची बहीण, पण मी गिअरबॉक्समध्ये राहते. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. तिला क्लचचं पेडल नाही, त्यामुळे चालवताना डावा पाय लागत नाही. गिअर ती आपले आपण बदलते, आणि ते काम लाल रंगाच्या तेलाच्या जोरावर चालतं. त्या तेलाची तब्येत सांगणं हे माझं काम.

एका कारखान्यात मला कापलं, घासलं आणि नळीत बसवलं. त्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते नांदेडला, विमलबाईंच्या हातात. विमलबाई शाळेत शिक्षिका होत्या. लहानपणीच्या पोलिओनं त्यांचा डावा पाय अधू झाला होता. ही गाडी मिळाली आणि त्या कुणाच्या दुचाकीवर मागे बसायच्या थांबल्या त्या थांबल्याच.

रविवारी सकाळी त्या गाडी फिरवून आणत, बॉनेट उघडत आणि मला बाहेर ओढत. त्यांचे पती रेणुकादास पांढरं फडकं घेऊन शेजारी उभे राहत.

"अहो, नुसतं धरू नका, बघा!" त्या म्हणत. "लाल आणि नितळ म्हणजे प्रकृती ठणठणीत. काळपट झालं, जळका वास आला, की आतल्या प्लेटा जळाल्या. दुधाळ गुलाबी झालं, की पाणी शिरलं. फेस आला, की जास्त ओतलं."

"डॉक्टरीणबाई, माझी पण जीभ बघा की."

"तुमची जीभ रोजच बघते. लई चालते!"

असं माझं कौतुक बरीच वर्षं झालं. मग विमलबाई आजारी पडल्या. त्यांची विद्यार्थिनी आरती तेव्हा रोज दवाखान्यात यायची. तिचाही डावा पाय अधू. बाईंनीच तिला या गाडीवर चालवायला शिकवलं होतं. जाण्याआधी बाई पतीला एवढंच म्हणाल्या, "गाडी आरतीला द्या."

रेणुकादासांनी ती दिली नाही. देववली नाही. गाडी अंगणात उभी राहिली, आणि मी नळीत पडून राहिले. पांढरं फडकं कुठे गेलं, कुणास ठाऊक.

मग एके दिवशी आरती आली. किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या पुढे जंगलातल्या एका मुलींच्या आश्रमशाळेत ती आता शिक्षिका होती. वसतिगृहाची जबाबदारी तिला मिळणार होती, पण एका अटीवर. आजारी मुलीला दवाखान्यात न्यायला तिच्याकडे स्वतःचं वाहन पाहिजे. सोमवारपर्यंत वाहन नसेल, तर दुसऱ्या कुणाला नेमणार.

रेणुकादास उठले आणि त्यांनी किल्ली घेतली. गाडी सुरू झाली, पण गिअरचा दांडा 'डी'वर, म्हणजे पुढे जायच्या घरात, टाकला तर नुसती घुरघुरली. जरा वेळानं धक्का देऊन निघाली. नरसिंगच्या गॅरेजपर्यंत ती कशीबशी पोचली.

नरसिंग ट्रॅक्टर-जीपांचा नावाजलेला मेकॅनिक. त्यानं इंजिन बंद केलं, गाडी थंड होऊ दिली आणि मला ओढलं.

"काका, तेल तर वरच्या खुणेच्या बी वर हाय. तेल भरपूर आन् गाडी उचलंना, म्हंजी गिअरबॉक्सच गेला. ह्याचं सामान आता मिळत न्हाई. भंगारात द्या, मोकळे व्हा."

आरतीनं आपली टेकायची काठी हातात घेतली. "राहू द्या काका. मी शाळेत कळवते, दुसऱ्या कुणाला नेमा म्हणून."

"थांब जरा," रेणुकादास म्हणाले. त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढून त्यावर माझं टोक टेकवलं. लाल, नितळ ठिपका उमटला. त्यांनी वास घेतला. "हे जळलेलं नाही."

"रंगानं काय होतंय काका? टमाटं बी लालच असतंय."

रेणुकादास कान देऊन उभे राहिले.

"इथं फार शांत आहे," ते म्हणाले.

"आं?"

"विमल तेल बघताना ओरडून बोलायची. शेजारच्या शिवप्पाला वाटायचं आमचं भांडण चाललंय. एकदा तर सोडवायला आला होता बिचारा!" ते एकदम वळले. "ती ओरडायची, कारण इंजिन चालू असायचं. नरसिंग, गाडी फिरवून आण, गरम कर, आणि इंजिन बंद करू नको!"

"चालू इंजिनात तेल कोण बघतंय काका? ट्रॅक्टरचं बंद करूनच बघतेत."

"हा ट्रॅक्टर नाही रे बाबा!"

गाडी फिरून आली. हँडब्रेक ओढला. आरतीनं ब्रेकवर पाय ठेवून दांडा सगळ्या घरांतून फिरवला आणि 'पी'वर, म्हणजे उभं राहायच्या घरात, आणला. रेणुकादासांनी बाही वर सारली, मला ओढलं, पुसलं, पुन्हा बुडवलं आणि बाहेर काढलं.

खालच्या खुणेपर्यंतसुद्धा तेल नव्हतं.

"आयला!" नरसिंग ओरडला. "तेल गेलं कुटं?"

मित्रांनो, इंजिन बंद असताना वरचं तेल खाली तळाला उतरतं आणि मी भरलेली दिसते. इंजिन चालू झालं की ते वर कामाला जातं, आणि तेव्हाच मी खरं सांगू शकते. इतका वेळ मी खोटं बोलत नव्हते, पण मला विचारलं होतं चुकीच्या वेळी.

नरसिंग गाडीखाली शिरला. "घावलं! तेल गार व्हायला रेडिएटरकडं जातंय ना, त्यो रबरी पाइप चिरलाय. उभ्या उभ्या सुकला बगा. गिअरबॉक्स उपाशी हाय काका, मेला न्हाई!"

त्यानं नवा पाइप बसवला. योग्य जातीचं तेल थोडं थोडं ओतलं, आणि दर वेळी मला विचारलं. मी दोन खुणांच्या मध्ये येताच तो म्हणाला, "बास! आता ही म्हातारी डोंगर बी चढती."

आणि ती चढली! रविवारी आरती चालवायला बसली, रेणुकादास शेजारी. इस्लापूरच्या पुढे सागाच्या जंगलात लांब चढ लागला. गाडीनं न अडखळता गिअर बदलला, पुन्हा बदलला, आणि माथ्यावर पोचली तेव्हा आरती स्टिअरिंगवर थाप मारून मोठ्यानं हसत होती. वसतिगृहाच्या दारात मुलींचा घोळका धावत आला.

"मॅडम, कुणाची गाडी हाय?"

आरतीनं शेजारी पाहिलं. रेणुकादासांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

"तुमच्या मॅडमची," ते म्हणाले. "आणि त्यांच्या बाईंनी दिलेली."

मित्रांनो, यंत्र अडलं की लगेच मोडीत काढू नका. आधी त्याचं तेल बघा, रंग बघा, वास घ्या. आणि ज्याला विचारायचं, त्याला त्याचं काम चालू असताना विचारा. उभी ठेवलेली वस्तू सुकते, वापरलेली टिकते.

आत्ताच आरतीनं मला पुसून पाहिलं. तेल अजून लाल आहे. वसतिगृहात एक मुलगी तापानं फणफणलीय, तिला दवाखान्यात न्यायचंय. मला नळीत जाऊ द्या आता. निघायला हवं.