बियाण्याची कणगी

खुरप्याची मूठ निघाली म्हणून गोपिकाबाई शेतातून मधेच घरी आली. श्रावण अर्धा सरला होता. कपाशीत तण माजलं होतं, आणि नवरा राधाकिसन दोन दिवसांपासून जालन्याला, मस्तगडात राहणाऱ्या बहिणीकडे गेला होता. दुसरं खुरपं आतल्या खोलीत होतं. ती खोलीत शिरली आणि जागच्या जागी थांबली.

खोलीत दोन कणग्या होत्या, तुराट्यांच्या, शेणामातीनं लिंपलेल्या. दाराजवळची खायच्या ज्वारीची, कोपऱ्यातली बियाण्याची. कोपऱ्यातल्या कणगीचं तोंड राधाकिसननं चैत्रात स्वतःच्या हातानं लिंपून बंद केलं होतं. ते रब्बीच्या पेरणीलाच फोडायचं होतं. आता ते फुटलेलं होतं. खाली मातीच्या खपल्या पडल्या होत्या आणि कणगीच्या कडेला पांढुरकी धूळ सांडली होती.

"आत्याबाई, कोपऱ्यातली कणगी कोणी फोडली?" तिनं बाहेर येऊन विचारलं.

सासू झुंबरबाई ओसरीवर वाती वळत बसली होती. "मी फोडली. काल दिवस मावळताना नंदाबाई आल्ती. तिचे निंदणीचे दाणे द्यायचे व्हते. दोन पायल्या मापून दिल्या."

"त्या कणगीतले?"

"मंग कशातले देऊ? दाराजवळच्या कणगीत हात घातला तं सोंडेच सोंडे. मुठीतून किडे चालून राह्यले. दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईला किडकं द्यावं का? त्यात तिच्या घरी बाळंतीण."

"त्याला पावडर लावेल व्हती, आत्याबाई."

"व्हती तं व्हती. राखेचाच परकार. आम्ही जन्मभर राख लावलेले दाणे खाल्ले. पाखडायचं, धुवायचं, झालं."

गोपिकाबाई खुरपं तिथंच टाकून पुन्हा आत गेली.

या पावडरीवरून त्या घरात वर्षभर वाद चालला होता. झुंबरबाईचं म्हणणं, ज्वारी दाताखाली कट्ट वाजेपर्यंत उन्हात वाळवावी, लिंबाचा पाला थराथरानं घालावा, चार बिब्बे टाकावेत, वरून गोवऱ्यांची राख ओतावी. किडा येत नाही, आणि आला तर त्याचाही वाटा असतो. राधाकिसनला हे पटत नव्हतं. दुष्काळाच्या साली जपून ठेवलेलं बियाणं त्यानं पेरायला काढलं, तेव्हा हाताला नुसती टरफलं लागली होती. सगळा दाणा आतून पोखरलेला. त्या दिवशी तो जेवला नव्हता. गावातही दोन तट होते. कोणी म्हणे, पाला बराबर वाळलेला नसला म्हणूनच किडे होतात. कोणी कपाशीवर मारायची पावडर फक्त बियाण्याला लावी. एकदोघं तर खायच्या दाण्यालाही लावत आणि आम्हाला कुठं काय झालं, असं विचारत. ग्रामसेवक मात्र दर वेळी बजावत असे, बियाण्याला लावा, पोटात जाणाऱ्या दाण्याला बिलकुल नको.

राधाकिसननं चैत्रात पावडर लावली, त्या दिवशी गोपिकाबाईनं खोली झाडून केर उकिरड्यावर टाकला होता. त्यातले सांडलेले दाणे त्यांच्या शेळीनं खाल्ले. दुपारी शेळीचे ओठ थरथरायला लागले, मग कान, मग सगळं अंग. ती पडली आणि पडल्या पडल्या पळत असल्यासारखे पाय झाडत राहिली. गोपिकाबाईनं तिचं डोकं मांडीवर धरलं होतं, तिथंच ती मेली. झुंबरबाई म्हणाली होती, रानात काही विषारी खाल्लं असंल.

ते सगळं आता गोपिकाबाईच्या डोळ्यांपुढे आलं, फक्त मांडीवर शेळीचं डोकं नव्हतं, माणसाचं होतं.

तिनं आढ्यात खोचलेला पावडरीचा रिकामा पुडा काढला. तिला वाचता येत नव्हतं, पण त्यावर कवटीचं आणि दोन हाडांचं चित्र होतं. पुडा कमरेला खोचून ती निघाली.

बौद्धवाडा ओढ्यापलीकडे होता. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. चालता चालता ती मनात शब्द जुळवत होती. काय सांगायचं? आम्ही तुला विष मापून दिलं? लोक काय म्हणतील? राधाकिसन आल्यावर काय म्हणेल? कदाचित अजून दळलं नसेल. चुकून बियाणं दिलं, एवढंच सांगावं, दाणे बदलून द्यावेत आणि विषय संपवावा. नंदाबाईच्या दाराशी पोचेपर्यंत तिनं तसंच ठरवलं होतं.

नंदाबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. मागच्या भिंतीशी बाजेवर तिची लेक बेबीनंदा बाळाला घेऊन निजली होती. बाळ नऊ दिवसांचं होतं. नवरा भिवा दिसत नव्हता. घरात सगळं शांत होतं. ते पाहून गोपिकाबाईला बरं वाटलं आणि लगेच जास्त भीती वाटली.

"बाई, तुम्ही?" नंदाबाई उठायला लागली.

"बस, बस. नंदाबाई, काल आत्याबाईनी चुकून बियाण्याचे दाणे दिले. ते परत दे. मी दुसरे देते, जास्तीचे देते."

नंदाबाई ओशाळली. "पायलीभर दळले ना बाई मी पहाटं जात्यावर. लई चांगले दाणे व्हते. एक किडा न्हाई."

"अन् भाकरी?"

"केल्या की. हे न्याहारी बांधून घेऊन गेले सर्जेरावांच्या मळ्यात, बांध घालायला. बेबीनं चतकोर खाल्ली. मी आता बसणार व्हते."

गोपिकाबाईनं तव्याकडे पाहिलं. भाकरी टम्म फुगली होती. तिनं पुढे होऊन तवाच चुलीवरून ओढला. बोटं भाजली.

"खाऊ नको," ती म्हणाली. "त्याला औषध लावेल हाये. किडे मारायचं. माणसालाबी मारतं ते. भिवाला किती वेळ झाला जाऊन?"

पिठाचे हात तसेच, नंदाबाई बाजेकडे वळली. "बेबी, तुला काही व्हतंय का?"

"न्हाई," बेबीनंदा म्हणाली. ती उठून बसली होती आणि बाळाला तिनं छातीपासून दूर धरलं होतं. "काकू, मी याला आत्ताच पाजलं."

शेजारच्या चांगुणाबाईला हाक मारून दोघींनी बेबीनंदाजवळ बसवलं. हिला फेफऱ्यासारखं काही झालं तर तसंच गाडीत घालून राजूरच्या दवाखान्यात आणा, बाळाला शेळीचं दूध द्या, एवढं सांगितलं आणि दोघी मळ्याकडे पळाल्या.

काळ्या रानात पाय रुतत होते. नंदाबाई वयानं मोठी असून पुढे होती. गोपिकाबाईला वाटत होतं, तिनं बोलावं. शिव्या द्याव्यात. तिच्या पाठीकडे बघत पळणं सोसवत नव्हतं. दर वळणावर तिला वाटे, आता पुढे भिवा पडलेला दिसेल, पाय झाडताना.

भिवा बाभळीखाली बसलेला होता. त्याला बसलेलं पाहून गोपिकाबाई तिथंच बांधावर टेकली. मळ्याचे मालक सर्जेराव त्याच्याशी बोलत उभे होते.

"ही पाहा, तुझी बायकोच आली," सर्जेराव म्हणाले. "हा म्हणून राह्यला, तोंडाला मुंग्या आल्या. मी म्हणलं उन्हाचं असंल."

"ऊन कुठंय मालक, आभाळ हाये," भिवा म्हणाला. त्याचा वरचा ओठ एका बाजूला सारखा उडत होता. "किती भाकरी खाल्ल्या?" असं नंदाबाईनं विचारलं तेव्हा त्यानं तीन बोटं दाखवली. ती बोटंही थरथरत होती.

गोपिकाबाईनं पुडा काढून सर्जेरावांना दाखवला. ते शिकलेले होते. त्यांनी एकदाच पाहिलं आणि गाडी जुंपायला सांगितली. बैलांच्या कोठ्यातून मीठ आणून त्यांनी तांब्याभर पाण्यात कालवलं. भिवानं ते घोटाघोटानं पिऊन तिथंच ओकलं. अर्धवट चावलेली भाकरी बाहेर पडली. नंदाबाईनं त्याचं कपाळ धरलं होतं.

"काय झालंय मला?" भिवा विचारत होता. "कोणी सांगा तरी."

"दाण्याला औषध व्हतं," गोपिकाबाई म्हणाली. "आमच्या घरातून आलं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं भ्यालेपण होतं. रागापेक्षा ते बघणं तिला जड गेलं.

राजूर तिथून दीड कोस. सर्जेराव स्वतः गाडी हाकत होते. गाडी रस्त्याला लागली आणि भिवाला पहिला झटका आला. मान मागे गेली, दात आवळले, पाठ धनुष्यासारखी वाकली. अंगात एवढी ताकद आली की दोघी बायकांना तो आवरेना. नंदाबाईनं त्याचं डोकं धरलं, गोपिकाबाई त्याच्या पायांवर पडली. पाय तिच्या छातीला लागत होते. तिनं डोळे मिटून घेतले, पण मिटल्यावर शेळी दिसायची, म्हणून परत उघडले. बरेच दिवस झाल्यासारखं वाटलं, मग ते थांबलं. भिवा घोरल्यासारखा श्वास घेऊ लागला.

"जल्दी हाका मालक," नंदाबाई म्हणाली.

राजूरच्या सरकारी दवाखान्याच्या दारात दुसरा झटका आला. डॉक्टरांनी त्याला आत घेतलं, इंजेक्शन दिलं, मग नळी घालून पोट धुतलं. पुडा पाहून त्यांनी तो टेबलावर ठेवला. "हा आणला ते बरं केलं," ते म्हणाले. "काय पोटात गेलंय ते कळलं." बेबीनंदाचं सांगितल्यावर त्यांनी विचार केला. "चतकोरच ना? काही व्हायचं असतं तर आतापर्यंत दिसलं असतं. तरी दोन दिवस बाळाला अंगावर पाजू नका." तो निरोप घेऊन सर्जेराव परत गावाकडे निघाले.

दोघी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या. समोरच्या रस्त्यानं राजूरच्या गणपतीच्या देवळाला आलेली माणसं नारळ घेऊन जात होती. आतून काही आवाज आला की दोघी एकदम सावरून बसत.

गोपिकाबाई म्हणाली, "आत्याबाईनी जाणून न्हाई दिले. किडके द्यायची लाज वाटली त्यांना."

"ठावं हाये मला."

"मी पहिले तुझ्याशी खोटं बोलले. नुसते दाणे बदलून न्यायचे असं ठरवून आल्ते. अजून दळलं न्हाई म्हणाली असतीस, तं काहीच सांगितलं नसतं."

नंदाबाई हातांवरचं वाळलेलं पीठ नखानं खरवडत होती. "मला वास आल्ता, बाई," ती म्हणाली.

"कशाचा?"

"दाण्याचा. पदरात घेतले तवाच आल्ता. दळताना तं डोकं दुखलं. घरी मनात आलं, जाऊन विचारावं का. मंग म्हणलं, एवढे चांगले दाणे दिले, अन् मी वास काढू? म्हणतील, मजुरीचे दाणे नाकाला लावून बघती. म्हणून दोनदा धुतले अन् दळले." तिनं दोन्ही हात पुढे केले. "माझ्याच हातानं थापल्या त्या भाकरी."

गोपिकाबाईनं तिचा हात धरला. नंदाबाईनं तो काढून घेतला नाही, पण तिच्या हातात जीव नव्हता.

दिवस कलताना कंपाउंडर बाहेर आला आणि म्हणाला, माणूस बोलून राह्यलाय. भिवानं डोळे उघडले होते. त्याला वाटेतलं काहीच आठवत नव्हतं. जीभ दाताखाली चावली गेली होती, तरी त्यानं विचारलं, "बांध अर्धा राह्यला का?" नंदाबाई तेव्हा रडली.

तीन दिवसांनी भिवा घरी आला. बेबीनंदाला आणि बाळाला काही झालं नाही. राधाकिसन जालन्याहून आला तो आधी आईवर ओरडला. मग त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी ओढा उतरून भिवाच्या दारात जाऊन बसला. दोघं काय बोलले, ते त्यानं घरी सांगितलं नाही. झुंबरबाईनं कितीतरी दिवस कोणत्याच कणगीला हात लावला नाही. "चांगलं द्यायला गेले, अन् त्याच्या जिवावर उठले," असं ती ओसरीवर एकटी असताना पुटपुटायची.

गावातले दोन तट तसेच राहिले. काहींनी घरातली पावडर खड्ड्यात पुरली. काही म्हणाले, यात पावडरीचा काय दोष, म्हातारीला कळलं नाही. राधाकिसननं पुढच्या सालीही बियाण्याला पावडर लावली, पण ती कणगी घरातून हलवून आपल्या शेतातल्या कोठ्यात नेली, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली गोपिकाबाईजवळ दिली. खायच्या ज्वारीत पुन्हा लिंबाचा पाला पडू लागला. आणि सोंडे पहिल्यासारखेच होत राहिले. ते पाखडून काढताना गोपिकाबाईला त्यांची किळस येईनाशी झाली. किडा जिवंत आहे, म्हणजे दाणा खाण्याजोगा आहे, असं तिला वाटायचं.

त्या साली नंदाबाई त्यांच्या निंदणीला आली नाही. पुढच्या साली आली. मजुरीचे दाणे घ्यायच्या दिवशी तिनं पदर पसरला, दाणे घेतले, आणि गोपिकाबाईच्या समोरच मूठभर उचलून नाकाशी नेले. गोपिकाबाई पायली हातात धरून उभी राहिली. नंदाबाईचं नाक सावकाश हललं, कपाळाला आठी पडली, आणि तेवढ्या वेळात गोपिकाबाईच्या अंगावरून भीती पुन्हा सरकून गेली. कोठ्याची किल्ली तिच्याच कमरेला होती, कणगी कुठली ते तिनं दोनदा पाहिलं होतं, तरीही.

"चांगले हायेत," नंदाबाई म्हणाली आणि तिनं पदराला गाठ मारली.