पट्टीवरचे दोन आकडे

सासऱ्यांच्या बोटीवर नवा स्टिरिओ बसवायचा हट्ट माझाच होता, हे आधीच सांगून टाकते. नंतर घरात बरंच बोललं गेलं. त्यातलं निम्मं खोटं आहे, आणि ते खोटंही माझंच आहे.

मी गाड्यांमध्ये स्टिरिओ बसवते. चौदा वर्षं झाली. बाई डॅशबोर्ड उघडून बसलेली दिसली की नवीन गिऱ्हाईक आधी विचारतं, मिस्त्री कुठे गेले? सासऱ्यांना हा किस्सा इतका आवडला की ते मला घरातही 'मिस्त्री'च म्हणू लागले. ते स्वतः तीस वर्षं फेरीबोटीचे चालक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी केबिनची बोट घेतली. खाली दोन बाकं आणि एक शेगडी, वर चालवायची खोली, तीही अशी की उंच माणसाचं डोकं आपटलंच पाहिजे. सासूबाई त्या बोटीला 'सवत' म्हणतात आणि दर रविवारी सवतीच्या घरी डबा घेऊन जातात.

घरात भीती शिरली ती दोन महिन्यांपूर्वी. एका दुपारी सासरे बाजारातून निघाले आणि आमच्या जुन्या घरी गेले. ते घर सोडून आम्हाला अकरा वर्षं झाली होती. परक्या दाराच्या कुलपात आपली किल्ली फिरवत ते उभे राहिले, आणि आतली बाई घाबरून फोनवर फोन करत राहिली. शेवटी कुणीतरी ओळखीचं निघालं म्हणून निभावलं. त्या दिवशी जेवताना नवऱ्यानं सांगून टाकलं की आता एक जरी चूक झाली तरी बोट विकायची. सासरे ताटातली भाजी इकडची तिकडे करत राहिले. मला नवऱ्याचा राग आला. तो बरोबर बोलतोय याचा त्याहून जास्त आला.

म्हणून स्टिरिओ. माणसाचं मन रमलं की डोकं ताळ्यावर राहतं, असं माझं अडाणी शास्त्र. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, आणि बोटीवरचा जुना कॅसेट प्लेयर घशात घास अडकल्यासारखा गायचा. दोन रविवार घालवून मी सगळं नवं केलं. वर चाकासमोर नवं युनिट, बाकाखाली अ‍ॅम्प्लिफायर, केबिनमध्ये दोन स्पीकर आणि वर चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन. बंदराशी बोलायचा वायरलेस दोन वर्षांपासून बंद पडलेला होता. तो दुरुस्त करायच्या आधी आम्ही गाणी दुरुस्त केली, ही आमची अक्कल.

जुना प्लेयर काढताना त्याच्या तोंडावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा दिसला. त्यावर बॉलपेननं गिरवून गिरवून दोन आकडे लिहिलेले होते, ११० आणि २९०. लोक प्लेयरवर आवडत्या स्टेशनांचे आकडे लिहून ठेवतात, असल्या पट्ट्या मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत. या आकड्यांचं स्टेशन कुठेच लागत नाही, हे माझ्यासारखीला तरी कळायला हवं होतं. पण हात कामात असले की माझं डोकं सुट्टीवर जातं. प्लेयर पट्टीसकट भंगाराच्या पिशवीत गेला.

सासऱ्यांनी नव्या युनिटवरून हात फिरवला. छान झालंय म्हणाले, आणि जुना कुठे गेला ते विचारलं. भंगारात, मी म्हटलं. ते नुसतं 'हं' म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं निघालो. नवरा कामावर होता, संध्याकाळी धक्क्यावर न्यायला येणार होता. बंदराचा बांध ओलांडला की सरळ चाळीस मिनिटं जायचं, तिथे उथळ पाण्यात नांगर टाकून मासे धरायचे आणि डबा खायचा, असा वर्षानुवर्षांचा बेत. गाणी माझ्या मोबाइलवरून चालू होती. सासरे चाकावर ताल धरत होते आणि फेरीबोटीच्या दिवसांतल्या एका चालकाची गोष्ट सांगत होते. तो बोट कुठेही घुसवायचा आणि दरवेळी होकायंत्र बिघडलंय म्हणून ओरडायचा. "नाचता येईना, अंगण वाकडं," ते म्हणाले आणि मनापासून हसले. किती दिवसांनी हसले होते. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

धुकं जेवताना आलं. आधी लांबचं पाणी पुसलं गेलं, मग जवळचं, आणि सासूबाईंनी डब्याचं झाकण लावेपर्यंत बोटीचं टोकसुद्धा दिसेना. नांगरावरची बोट एव्हाना स्वतःभोवती फिरली होती, त्यामुळे घर कोणत्या बाजूला हे मला सांगता आलं नसतं. सासऱ्यांना त्याचं काही नव्हतं. असली धुकी त्यांनी कोळून प्यायली होती. त्यांनी नांगर उचलायला लावला, होकायंत्राकडे पाहून बोट वळवली आणि निघालो.

चाळीस मिनिटं झाली. बांधावरची घंटा ऐकू यायला हवी होती, ती आली नाही. पन्नास झाली. माझा मोबाइल गाणी वाजवून वाजवून केव्हाच मेला होता, कारण चार्जिंगचा सॉकेट मी पुढच्या रविवारवर ढकलला होता. सासूबाई आपला मोबाइल भिजेल म्हणून घरी ठेवतात. सासऱ्यांचा बटणांचा होता, त्याला रेंज नव्हती.

मग लाटा बदलल्या. बंदराजवळच्या लाटा आखूड आणि चिडक्या असतात. या लांब होत्या. बोट सावकाश वर जायची, तिथे क्षणभर थांबायची आणि पोट खाली सोडून द्यायची. सासूबाईंनी दोन्ही हातांनी बाक धरलं. आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

तो लांबून आला, पण इतका जाड होता की पायाखालची फळी थरथरली. मोठं जहाज. आमच्यासारखी बोट त्याच्याखाली आली तर वर कुणाला कळणारही नाही. मोठ्या जहाजांचा रस्ता बंदरापासून लांब, बाहेरच्या बाजूला आहे, हे मलाही माहीत होतं. आम्ही घरी येत असतो तर तो भोंगा मागून यायला हवा होता. तो समोरून येत होता.

सासऱ्यांनी इंजिनचा वेग कमी केला. त्यांचे ओठ हलत होते, काहीतरी मोजत असल्यासारखे. माझ्याकडे न बघता ते हळूच म्हणाले, "मिस्त्री, आपण कुठे आहोत ते मला कळत नाहीये."

लाटांची भीती वाटत होती, भोंग्याची वाटत होती, पण या वाक्याची वाटली तशी कशाचीच वाटली नाही. हा माणूस डोळे मिटून फेरी धक्क्याला लावायचा. त्यांच्या चेहऱ्यावर तेच भाव होते, जे परक्या दारासमोरून त्यांना घरी आणलं तेव्हा होते.

नजर कुठे ठेवावी कळेना म्हणून मी समोर पाहिलं, आणि मला माझे स्पीकर दिसले. होकायंत्राच्या दोन बाजूंना दोन. प्रत्येकाच्या पाठीला मुठीएवढं चुंबक.

मी लगेच बोलून टाकलं, की बाबा, तुमचं काही चुकलेलं नाही, माझ्या स्पीकरच्या चुंबकांनी होकायंत्र ओढलंय, मीच मूर्ख. बुडत्याला काडी दिसावी तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खालून सासूबाईंनी माझा आणि माझ्या धंद्याचा उद्धार केला. तोही मला गोड लागला. मी स्पीकर काढते, म्हटलं, तुम्ही दोघं पुढे जाऊन भोंगा नेमका कुठून येतोय ते ऐका. ते कठडा धरून पुढे गेले. सासूबाई त्यांचा सदरा मागून धरून उभ्या राहिल्या.

स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात असतोच. पहिला स्क्रू खाली पडून घरंगळला. डावा स्पीकर निघाला, उजवा निघाला. दोन्ही मी हात लांब करून मागे धरले आणि होकायंत्राच्या तबकडीकडे पाहिलं.

ती हलली. जेमतेम पाच अंश. स्पीकर परत भोकाशी नेले, पाच अंश. लांब नेले, परत जागेवर. तिसऱ्यांदा करून पाहिलं. चुंबकं होती, पण बोट समुद्रात नेऊन घालण्याइतकं पाप त्यांचं नव्हतं.

तबकडीवरचा आकडा मी तेव्हा वाचला. एकशे दहा.

मला तो आकडा कुठे पाहिला ते आठवलं. जिथे आता पॉलिश केलेलं नवं युनिट होतं, तिथेच जुन्या प्लेयरच्या तोंडावर ती पट्टी होती. एकशे दहा म्हणजे जाताना. दोनशे नव्वद म्हणजे येताना. आणि आम्ही तासभर एकशे दहावर चाललो होतो, घराकडे पाठ करून. आता आणखी एक गोष्ट आठवली. प्लेयर वीस वर्षांचा होता, पण पट्टी नवी होती, पांढरी शुभ्र. इतकी वर्षं जे आकडे त्यांच्या हातात होते ते त्यांनी नुकतेच, कुणाला न सांगता, लिहून ठेवले होते. आणि मी ते स्टेशन समजून भंगारात टाकले. त्यांनी मागितलेसुद्धा नाहीत. मागितले असते तर का हवेत ते सांगावं लागलं असतं.

भोंगा पुन्हा वाजला, आता इतका जवळ की सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. धुक्यात इंजिनची धडधड ऐकू येऊ लागली. आमची नव्हे, त्या जहाजाची. मी चाक पूर्ण फिरवलं आणि वेग वाढवला. बोट कलली, खाली भांडी कोसळली, तबकडी फिरत राहिली आणि दोनशे नव्वदवर आली तेव्हा मी चाक घट्ट धरलं.

सासरे धडपडत आत आले.

"काटा पार उलटा झाला होता, बाबा," मी म्हटलं. "चुंबकांमुळे. आता दोनशे नव्वद धरायचं ना?"

त्यांनी होकायंत्राकडे पाहिलं. मग जमिनीवरच्या दोन स्पीकरांकडे, मग माझ्याकडे.

"हो," ते म्हणाले. "येताना दोनशे नव्वद." आणि त्यांनी चाक हातात घेतलं.

जहाज आमच्या मागून गेलं. ते आम्हाला दिसलं नाही. फक्त धुकं एका बाजूला काळं झालं, तेलाचा वास आला आणि मग त्याच्या लाटा आल्या, तीन. तिसऱ्या लाटेला मी दाराच्या चौकटीवर आपटले. सासऱ्यांनी प्रत्येक लाटेला बोट अशी तिरकी दिली की पाणी आत आलं नाही. त्यांच्या हातांना सगळं पाठ होतं. त्यांच्या हातांवर माझा आजही विश्वास आहे, म्हणून तर भीती जास्त वाटते. दीड तासानं बांधावरची घंटा ऐकू आली तेव्हा सासूबाई रडल्या, आणि रडून झाल्यावर त्यांनी सांडलेली भाजी पुसून घेतली.

धक्क्यावर नवरा उभा होता, चेहरा पांढराफटक. मी त्याला चुंबकांचं सांगितलं. तो म्हणाला, चौदा वर्षं काय गवत उपटलंस का? सासूबाईंनी त्याला साथ दिली आणि सगळं खापर माझ्या डोक्यावर व्यवस्थित फोडलं. मी मान खाली घालून ऐकलं. आजवर उलट उत्तर दिल्याशिवाय मी कुणाचं काही ऐकलेलं नाही, त्यामुळे त्यालाही जरा आश्चर्य वाटलं असावं. बोट विकायची गोष्ट कुणी काढली नाही. चूक झाली होती, पण ती सुनेची.

दोघं डबे घेऊन गाडीकडे गेले. मी हत्यारं गोळा करत होते. सासरे धक्क्यावर वाकून दोर बांधत होते, एकाच गाठीवर बराच वेळ.

"चुंबकानं तबकडी बरोब्बर उलटी होते?" त्यांनी विचारलं.

"होते," मी म्हटलं.

"तीस वर्षांत ऐकलं नव्हतं."

मी पक्कड पुसत राहिले. ती आधीच स्वच्छ होती. पट्टी मी टाकली, हे सांगावंसं वाटत होतं. पण ते सांगितलं असतं तर पट्टी कशाला लागत होती, हेही आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसलं असतं. ते आलंच होतं म्हणा. धुक्यात भोंगा कुठून येतोय ते निदान ऐकू तरी येत होतं. हे जे येतंय ते कुठून आणि किती लांब आहे, ते मला कळत नव्हतं आणि त्यांनाही कळत नव्हतं. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

"ते स्पीकर टाकून देऊ नकोस," ते म्हणाले. "होते तिथेच बसव."

"कशाला, बाबा?"

ते सरळ उभे राहिले आणि कमरेवर हात ठेवून त्यांनी बोटीकडे पाहिलं.

"अंगण वाकडंच असू दे," ते म्हणाले.

मग त्यांनी खिशातून बोटीची किल्ली काढली, माझ्या हत्यारांच्या पेटीत पक्कडीशेजारी ठेवली आणि झाकण स्वतःच्या हातानं बंद केलं.