पिवळ्या किटलीचं म्हणणं

मी दिवा आहे खरा, पण उजेड पाडणं माझ्या नशिबात नाही. मोटारीत स्टिअरिंगच्या आड, काट्यांशेजारी इंजिनाचं एक पिवळं चित्र असतं ना, तोच मी. चित्र किटलीसारखं दिसतं, म्हणून यारेलिस मला 'किटली' म्हणते. म्हणू दे. माझं दुखणं निराळंच आहे. गाडीला शंभर आजार, आणि माझ्याकडे शब्द एकच: पेटणं. काय झालंय ते सांगता येत नाही, आणि गप्पही बसवत नाही.

आमची गाडी जुनी. आधी ती एफ्राइनची होती. ओहायोची थंडी, बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेलं मीठ, खालून खात जाणारा गंज, सगळं तिनं त्याच्याकडे सोसलं. तो तिला फार जपायचा. त्याच्याकडे मी कधी पेटलोच नाही. मग त्यानं ती मिग्दालियाला विकली. मिग्दालिया म्हणजे यारेलिसची आई. नवरा वारलेला, शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी. एफ्राइन पोरीचा धर्मबाप, बाप्तिस्म्याला त्यानंच तिला हातांवर धरलं होतं. म्हणून तो मिग्दालियाला 'कोमाद्रे' म्हणतो, ती त्याला 'कोम्पाद्रे'. सख्ख्याच्या वरचं नातं हो ते!

पोरीला पंधरा वर्षं पुरी होत होती. त्यांच्यात पंधराव्या वाढदिवसाचा मोठा सोहळा असतो. त्यात बाप सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसतो, लेकीच्या सपाट चपला काढतो आणि तिला पहिल्यांदा उंच टाचांचे बूट घालतो. बाप नाही, म्हणून तो मान एफ्राइनचा ठरला होता. आणि नेमका तेव्हाच मी पेटलो.

मिग्दालिया सुट्या भागांच्या दुकानात गेली. दुकानदारानं यंत्र लावलं. यंत्र एवढंच म्हणालं की कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा तो पोटाखालचा डबा, कमी पडतोय असं दिसतंय. दिसतंय! पण या गृहस्थानं ध चा मा केला. डबा गेला म्हणाला. वर म्हणाला, "बाई, गाडी तुम्ही घेतलीत त्याच सुमारास कुणीतरी हिच्या मेंदूतलं, म्हणजे आतल्या संगणकातलं, सगळं पुसलंय. गाडी विकताना दिवा लपवायला लोक हेच करतात."

घरी जाईपर्यंत ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू चोरी मीच केली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! मागून यारेलिसनं विचारलं, मग माझे बूट कोण घालणार? "मी घालीन," मिग्दालिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं गाडी एफ्राइनच्या अंगणात नेली. इंजिन चालूच, दार उघडं. "तुम्ही मला फसवलंत," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं त्याला 'तुम्ही' कधी म्हटलं नव्हतं. शिवीही इतकी लागली नसती.

तो भांडला नाही. आतून ओलं फडकं आणलं, तिच्या हातात दिलं आणि धुराच्या मागच्या नळीवर घट्ट दाबून धरायला सांगितलं. फडकं ती त्याच्याच तोंडावर मारते की काय, असं मला वाटलं. पण धरलं तिनं. तो गोठलेल्या जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली सरकला. मागची वाट बंद झाल्यावर धुरानं दुसरी शोधली. पुढच्या बाजूनं 'फुस्स' असा आवाज आला.

गंजलेला सांधा! तिथून बाहेरची हवा आत शिरायची, धूर तपासणारा सेन्सर फसायचा आणि मला पेटवायचा. डबा धडधाकट होता. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, अशी गत होणार होती.

"आणि ते पुसलेलं?" तिनं विचारलं. आवाज उतरला होता.

"नवी बॅटरी घातली होती मी," तो खालूनच म्हणाला. "जुनी काढली की गाडी सगळं विसरते." मग बाहेर सरकत, "थंडीत पोरीला घेऊन कुठं अडकू नयेस म्हणून."

हे त्यानं तिला सांगितलंही नव्हतं. तिला रडू आलं. फडकं मात्र तिनं सोडलं नाही.

सांधा त्यानं बदलला. मलाही तो तिथल्या तिथे पुसू शकला असता. "पूस रे, माझा विश्वास आहे," मिग्दालिया म्हणाली. त्यानं नकारार्थी मान हलवली. "त्याचा तो विझू दे. दोष खरंच गेला असेल, तर आपोआप विझेल."

झालं! माझा जीव टांगणीला. रोज किल्ली फिरायची, रोज मी पेटून राहायचो. सोहळ्याची सकाळ उजाडली. यारेलिसच्या झग्यानं मागची सीट भरून गेली. एफ्राइन पुढे बसला, मांडीवर बुटांचा खोका. किल्ली फिरली. सुरुवातीला आम्ही सगळेच दिवे क्षणभर पेटतो, जिवंत आहोत हे दाखवायला. तिघंही माझ्याकडे बघत होती. बाकीचे विझले. मग मीही विझलो.

"गेली किटली," मागून पोर म्हणाली.

"चल, कोम्पाद्रे," मिग्दालिया म्हणाली, "तुझ्याच हातानं घालायचेत ते."

बाबांनो, मी पेटलो की आधी गाडीखाली वाका. माणसाकडे बोट नंतर दाखवा. मला विचारायचं तर किल्ली फिरवा. पण मी एकच शब्द बोलणारा आहे, हे विसरू नका.

सोहळा मला काही दिसला नाही. हॉलबाहेर गाडीत, अंधारात बसून होतो. काय झालं असेल, या विचारानं चैन नव्हतं. मग हॉलचं दार उघडलं, आतलं गाणं बाहेर आलं आणि फरशीवर टाचा वाजल्या. टक्, टक्. चालायची सवय नव्हती अजून. शेजारून एफ्राइनचा आवाज आला, "सावकाश, पोरी. माझा हात धर."